आधी वीस तारीख, मग सिबिल

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: लातूर जिल्ह्यातल्या औशाहून पुण्याला आलोय, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. घरून महिन्याला ११,००० येतात. त्यातले ४,५०० कॉटचं भाडं, ३,००० मेस. वीस तारखेला खातं रिकामं. फोनवर एक पे लेटर (आत्ता खर्च करा, पुढच्या महिन्यात भरा) चालू आहे, त्याचं बिल दर महिन्याच्या सुरुवातीला साधारण २,२०० कापलं जातं. वडिलांनी तिकडच्या राष्ट्रीयीकृत बँकेतून ४ लाखांचं शिक्षण कर्ज काढलंय. सीनियर म्हणतात, आत्ताच क्रेडिट कार्ड घेऊन सिबिल (कर्ज फेडण्याचा स्कोअर) बनव, नाहीतर नोकरी लागल्यावर घराचं कर्ज मिळणार नाही. आणि रूममेटला हप्त्यावर फोन हवाय, तो तुझ्या नावावर घ्यायचा म्हणतोय.

दुसऱ्या वर्षाला आहेस म्हणून अरेतुरे करतेय, राग मानू नकोस. कर्जाचे अर्ज तपासणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे उत्तर थोडं आकडेमोडीचं होईल.

तू दोन प्रश्न एकत्र बांधलेत. पैसे वीस तारखेला का संपतात हा एक, आणि सिबिल कसं बनवायचं हा दुसरा. कार्ड घेतलं की दोन्ही सुटतील असं तुला वाटतंय. पहिला सुटल्याशिवाय कार्ड घेतलंस तर दुसरा बिघडेल, म्हणून क्रम महत्त्वाचा.

आधी वीस तारीख. ११,००० मधून भाडं आणि मेस गेली की ३,५०० उरतात. त्यातून गेल्या महिन्याचं पे लेटर २,२०० गेलं की हातात राहतात १,३००. ते संपले की पुन्हा पे लेटरवर २,२०० चा खर्च. म्हणजे तुझा वरखर्च महिन्याला १,३०० अधिक २,२००, बरोबर ३,५००. जेवढे उरतात तेवढेच तू खर्चतोस. तू उधळ्या नाहीस, फक्त एक महिना मागे आहेस. कधीतरी एकदा २,२०० चं भोक पडलं आणि ते बुजायच्या ऐवजी दर महिन्याला पुढे सरकतंय.

हे कळलं की उपाय सोपा होतो, कारण भोक एकदाच बुजवायचंय. महिन्याला ५५० कमी खर्च केलेस तर चार महिन्यांत ते संपतं. या महिन्यात पे लेटरवर २,२०० ऐवजी १,६५० वरच थांब. पुढच्या महिन्यात १,१००, मग ५५०, मग शून्य. या चारही महिन्यांत वरखर्चाला २,९५० मिळतात. बहुतेक ॲपमध्ये खर्चाची मर्यादा खाली आणता येते, ती दर महिन्याला त्या आकड्यावर आणून ठेव. मनाशी ठरवून हे होत नाही, मर्यादा लावली की होतं. घरी स्पष्ट सांगून २,२०० एकदाच मागवता आले तर चार महिन्यांचं काम एका दिवसात होईल, पण ते घरच्या परिस्थितीवर आहे आणि ती तुलाच ठाऊक.

शून्य झालं की ॲप नुसतं डिलीट करू नकोस. पे लेटर हे बहुतेक वेळा कुठल्यातरी बँकेनं किंवा एनबीएफसीनं (बँक नसलेल्या कर्ज कंपनीनं) तुझ्या नावावर दिलेलं कर्ज असतं. ॲप गेलं तरी खातं उघडंच राहतं, आणि त्यावर एखादं शुल्क पडलं तर तुला कळतही नाही. ग्राहक सेवेला लिहून खातं बंद करायला सांग, काही देणं नाही असा मेल मागव, तो जपून ठेव आणि ऑटोपे मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची दिलेली परवानगी, यूपीआय ॲपमधून रद्द कर.

२,९५० महिनाभर पुरवायचे तर दोन खाती ठेव. घरचे पैसे पहिल्या खात्यात येतील, भाडं आणि मेस तीन तारखेच्या आत तिथूनच जाईल. दुसरं खातं शून्य शिलकीचं, यूपीआय फक्त त्यालाच जोडलेलं. दर सोमवारी पहिल्यातून दुसऱ्यात ६०० टाकायचे. महिन्याचा हिशोब मांडून बसण्यापेक्षा आठवड्याचा पाळणं सोपं. चुकलं तर गुरुवारी कळतं आणि चटका तीन दिवसांचा बसतो, दहा दिवसांचा नाही. वर्षातल्या चारेक महिन्यांत पाच सोमवार येतात, म्हणून ७०० नाही, ६०० धर. तीन महिन्यांत तेरा आठवडे, म्हणजे ७,८०० गेले. तुझ्याकडे होते ८,८५०. वरच्या १,०५० मधून ८४ दिवसांचा रिचार्ज आणि थोडं इकडचं तिकडचं निघतं.

मेसचा खाडा आधी सांगून ठेवला तर पैसे वळते होतात का, हेही विचारून घे. दिवाळीला किंवा सबमिशननंतर आठ दिवस घरी गेलास आणि खाडा लावला नाहीस, तर जवळजवळ आठशे रुपये फुकट जातात. प्रत्येक मेसचा नियम वेगळा असतो. कुणी सलग तीन दिवसांच्या वरचाच खाडा धरतं, कुणी धरतच नाही.

परीक्षेचा फॉर्म, जर्नल, स्पायरल बाइंडिंग, दिवाळीचं गाडीभाडं हे महिन्याचे नव्हे, सत्राचे खर्च आहेत, आणि भोक पडतं ते नेमकं यांच्यामुळे. चार महिने जे ५५० भोकात जाणार आहेत, तेच पाचव्या महिन्यापासून पहिल्या खात्यात वेगळे ठेव. सहा महिन्यांत ३,३०० होतात. तोवर असा खर्च आला तर घरी आधी सांग, पे लेटरवर ढकलू नकोस.

जाता जाता एक. महाडीबीटीवरून (राज्य सरकारच्या पोर्टलवरून) शिष्यवृत्ती येणार असेल तर लक्षात ठेव, ते पैसे अर्जात कुठलं खातं लिहिलंय यावर नाही, तर एनपीसीआयकडे (यूपीआय चालवणाऱ्या संस्थेकडे) तुझं आधार शेवटचं कुठल्या खात्याला जोडलं गेलंय त्यावर जातात. पुण्यात नवीन खातं उघडताना आधार जोडायला होकार दिला असशील तर रक्कम तिकडे गेलेली असू शकते. 'पैसे आलेच नाहीत' म्हणत समाजकल्याणच्या कार्यालयात हेलपाटे घालण्याआधी आपली सगळी खाती तपास.

आता सिबिल. सीनियर म्हणतात तेवढी घाई नाही, आणि कारण तुझ्याच प्रश्नात आहे. शिक्षण कर्जात विद्यार्थी हा मुख्य कर्जदार असतो, आई किंवा वडील सहकर्जदार. म्हणजे कर्जाचा पहिला हप्ता कॉलेजकडे गेला तेव्हाच तुझ्या पॅनवर फाइल उघडली गेली आहे. तुला सिबिल 'बनवायचं' नाही, जे सुरू झालंय ते बिघडू द्यायचं नाही. शिक्षण कर्ज नसलेल्या मुलांचीही गोष्ट तितकी गंभीर नसते. केवळ जुना कर्ज इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलेलं आहे. घराच्या कर्जाच्या वेळी पगाराच्या स्लिपा, नोकरीची स्थिरता आणि चालू असलेले हप्ते आम्ही स्कोअरइतकेच बारकाईनं बघतो. कोरी पाटी चालते, खरकटी चालत नाही.

म्हणून पहिलं काम, स्वतःच्या कर्ज इतिहासाचा अहवाल बघ. भारतात कर्जांच्या नोंदी ठेवून असा अहवाल देणाऱ्या चार संस्था आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. संस्थेच्या स्वतःच्याच संकेतस्थळावर जा. पॅन, मोबाइल आणि ओटीपी लागतो. मध्येच पैसे भरायची योजना दाखवतात, ती वगळता येते. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही. कमी होतो तो कर्जाचे आणि कार्डांचे अर्ज इकडेतिकडे टाकल्यानं, कारण प्रत्येक अर्जामागे बँकेची चौकशी नोंदली जाते. 'प्री अप्रूव्ह्ड' अशी बटणं गंमत म्हणून दाबू नकोस.

अहवालात स्कोअर ३०० ते ९०० मधला असतो, पण मी आधी खालचं पान बघते. तीन गोष्टी तपास. तुझ्या नावावरची खाती तुझीच आहेत का? पे लेटरवाल्यानं एका खात्याची तीन खाती दाखवली आहेत का? आणि महिनावार रकान्यात, जिथे किती दिवस उशीर झाला ते लिहितात, तिथे ००० किंवा एसटीडी (स्टँडर्ड, म्हणजे नियमित) आहे का? तिथे ०३० वगैरे आकडा असेल तर तो महिना चुकलेला आहे. चूक असेल तर त्याच संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. बँकांनी ही माहिती निदान दर पंधरा दिवसांनी पाठवायचा नियम जानेवारी २०२५ मध्ये आला. त्यामुळे आज भरलेलं उद्या दिसलं नाही म्हणून घाबरू नकोस.

शिक्षण कर्जावर मात्र थांबून बोलायला हवं, कारण तुझे सगळ्यात जास्त पैसे तिथे आहेत आणि प्रश्नात तू त्याला एका ओळीत उरकलंस. बँकांच्या नेहमीच्या योजनेत शिक्षण संपेपर्यंत आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता नसतो. हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. सोयीसाठी दर १० टक्के धरू, आणि दर वर्षी १ लाख कॉलेजला जातात असं समजू. पहिल्या लाखावर पाच वर्षांचं सरळ व्याज ५०,०००, दुसऱ्यावर ४०,०००, मग ३०,०००, मग २०,०००. एकूण १,४०,०००. हप्ता सुरू होताना हे मुद्दलात मिळवलं जातं, आणि ४ लाखांचं कर्ज ५,४०,००० चं होतं. दहा वर्षांच्या फेडीला ५.४ लाखांचा हप्ता साधारण ७,१४० येतो, नुसत्या ४ लाखांचा ५,२९०. पहिल्या पगारापासून महिन्याला साडेअठराशेचा फरक.

म्हणून बँकेत दोन गोष्टी विचार. घरचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर केंद्र सरकारच्या व्याज अनुदान योजनेत या मुदतीतलं सगळं व्याज सरकार भरतं. कर्ज बँकांच्या नेहमीच्या आदर्श शिक्षण कर्ज योजनेतलं हवं, कोर्स तांत्रिक किंवा व्यावसायिक हवा आणि कॉलेजला मान्यता हवी. हे आपोआप होतं असं समजू नकोस. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो आणि दावा बँकेच्या शाखेनं घालायचा असतो. दाखला वेळेत पोचला नाही किंवा शाखेतल्या कुणी लक्ष दिलं नाही, तर पात्र असूनही अनुदान हुकतं. 'माझ्या खात्याचा अनुदानाचा दावा गेलाय का, कुठल्या वर्षाचा?' हा प्रश्न लेखी अर्जातच विचार आणि पोच घे. उत्पन्न त्याच्या वर असेल तर दुसरा प्रश्न: आत्तापासून व्याज भरलं तर दरात सवलत आहे का? बऱ्याच बँका १ टक्का देतात, अट अशी की मुदतीतलं व्याज वेळच्या वेळी भरलेलं हवं. तुझे दोन लाख सुटले असतील तर व्याज महिन्याला साधारण १,६७० होतं. ते तुझ्या वरखर्चातून निघणार नाही, तसा प्रयत्नही करू नकोस. इंटर्नशिपचा स्टायपेंड आला किंवा सोयाबीनचे पैसे घरी आले, की एकरकमी भरता येतं.

आणि वडील सहकर्जदार आहेत याचा अर्थ नीट समजून घे. हे कर्ज त्यांच्याही अहवालात आहे. नोकरी उशिरा लागली आणि तुझे तीन हप्ते चुकले, तर खूण दोघांच्या नावावर पडते. पीक कर्जाला सिबिल बघू नका असं राज्य सरकार बँकांना वारंवार बजावतं. प्रत्यक्ष शाखेत काय होतं ते वडिलांनाच विचार. हप्ता सुरू होण्याच्या दोन महिने आधी नोकरीची चिन्हं नसतील, तर शाखेत जाऊन मुदत वाढवून मागावी. हप्ता चुकण्याआधी मागितलं तर बोलणी होतात, चुकल्यानंतर वसुली होते. बँकांच्या परीक्षा देणाऱ्या मित्रांनाही हे सांग: स्टेट बँकेच्या लिपिक भरतीच्या जाहिरातीतच कर्ज किंवा कार्डाची थकबाकी बुडवल्याची नोंद असणारा उमेदवार अपात्र, अशी अट असते.

कार्ड हवंच असेल तर केव्हा आणि कुठलं? माझं मत, पे लेटर शून्य होऊन तीन महिने गेले की. आणि उत्पन्न नसलेल्यासाठी योग्य कार्ड एकच, मुदत ठेवीवरचं. १५,००० ची एफडी ठेवायची, तिच्या साधारण ७५ ते ९० टक्के मर्यादेचं कार्ड मिळतं, पगाराचा पुरावा लागत नाही, एफडीचं व्याज सुरूच राहतं. अठरा पूर्ण आणि पॅन हवं. ही एफडी घरखर्चातून काढू नकोस, स्टायपेंडमधून कर. कॉलेजच्या फाटकात टेबल मांडून बसलेल्यांकडून काही घेऊ नकोस. त्यांच्या फॉर्मवर उत्पन्नाच्या रकान्यात कुणीतरी भलताच आकडा भरतं आणि सही तुझी असते.

वापर कंटाळवाणा हवा. रिचार्ज आणि एखादं बिल, मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत. १३,००० मर्यादा असेल तर ३,९०० च्या पलीकडे नाही. ऑटोपे लावताना 'टोटल अमाउंट ड्यू', म्हणजे पूर्ण बिल, निवड. तिथे 'मिनिमम'चा पर्याय आधीच टिकलेला असू शकतो. कार्ड मोफत की वार्षिक शुल्काचं ते विचार. ५०० चं शुल्क जीएसटी धरून ५९० होतं, आणि न वापरलेल्या कार्डावर हेच ५९० थकून अहवालात उशीर लागलेली मुलं मी बऱ्याचदा पाहते. कार्डाच्या बाबतीत देय तारखेनंतर तीन दिवस उलटेपर्यंत थकबाकी सिबिलसारख्या संस्थांना कळवायची नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्याचा उपयोग चुकून विसरलास तरच. कर्जाच्या हप्त्याला ही सवलत नाही. आणि थकवलंस तर बँक एफडीतून वळतं करते खरी, पण उशिराची खूण तशीच राहते.

'मिनिमम' भरलं तर काय बिघडतं, ते एकदा आकड्यात बघ. १ जूनला ६,००० खर्च केले. ३० जूनला बिल, २० जुलैला देय तारीख. तू ५ टक्के, म्हणजे ३०० भरलेस. आता खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. ६,००० वर पन्नास दिवसांचे ३४५, उरलेल्या ५,७०० वर दहा दिवसांचे ६६, त्यावर १८ टक्के जीएसटी ७४. एकूण ४८५. पुढचं बिल ६,१८५ चं. मध्ये एक रुपयाही नवा खर्च नाही, ३०० भरलेत, आणि देणं १८५ नं वाढलं. एटीएममधून कार्डानं रोख काढलीस तर आणखी वाईट: शुल्क वेगळं आणि व्याज पहिल्या दिवसापासून. कार्ड नको झालं तर लेखी कळव. काही देणं बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत बंद करणं बँकेवर बंधनकारक आहे, नाहीतर दिवसाला ५०० रुपये तुला द्यावे लागतात.

डेबिट कार्ड, यूपीआय, भिशी यांनी सिबिल बनत नाही. भिशी चांगली पाळलीस तर शिस्त लागते, नोंद कुठेच होत नाही. आणि कुणी 'फक्त खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो' म्हटलं तर ते फसवणुकीचे पैसे फिरवण्यासाठी असतं. खातं गोठतं आणि पोलीस खातेदाराला शोधत येतात. दिलं असशील तर आजच बँकेला कळव.

राहिला रूममेटचा फोन. २४,००० चा फोन बारा हप्त्यांवर, महिन्याला २,०००. कर्ज तुझं, मँडेट तुझ्या खात्यावर, फोन त्याच्या हातात. तो पाच तारखेला देईन म्हणतो, हप्ता दोन तारखेला कापला जातो. वीस तारखेला रिकाम्या होणाऱ्या तुझ्या खात्यात २,००० नसले की मँडेट परत जातं. बँक दंड लावते, कर्ज देणारी कंपनी वेगळा लावते, आणि उशीर तुझ्या अहवालात जातो. त्याचा हेतू चांगला असला तरी हे होतं, कारण त्याचे पैसेही घरूनच येतात आणि तेही कधी उशिरा येतात. वर्षभरात त्यानं खोली बदलली तर बोलायलाच नको. जामीन राहणंही याच जातीतलं, तेही अहवालात दिसतं.

नाही म्हणायला अवघड जात असेल तर खरं तेच सांग: माझ्या नावावर आधीच शिक्षण कर्ज आहे, वडील सहकर्जदार आहेत, नवीन काही घ्यायचं तर घरी विचारावं लागेल. औशाला फोन लावायचा म्हटलं की विषय बहुतेक तिथेच थांबतो.